गालातली काडी, बाजारातली मुळी

मला बीपी आहे हे डोळ्याच्या दवाखान्यात कळलं.

गेले होते मोतीबिंदू काढायला. हिरवा झगा घालून झाला, टोपी घालून झाली, डोळ्यात थेंब टाकून झाले. माझ्या पुढची बाई आत गेली आणि सिस्टरनं माझ्या दंडाला पट्टा बांधला. फुगवला, सोडला. परत फुगवला. मग माझ्याकडं न बघता दुसरीला बोलावलं. तिनंही तेच केलं. मी म्हटलं, यंत्र बिघडलेलं असेल, दुसऱ्या हाताला लावून बघा. त्यांनी लावलं. त्या हाताचं आणखी दोनानं जास्त निघालं.

एकशे नव्वद आणि एकशे दहा. डॉक्टर म्हणाले, आजी, अशात डोळा उघडला तर आत रक्त उतरेल आणि आहे ती नजरही जाईल. आधी बीपी खाली आणा, मग या. झगा काढून मला परत साडी नेसायला लावली. बाहेर बाकावर माझी सून रेखा डबा घेऊन बसली होती, ऑपरेशन झालं की मला खायला म्हणून. तो शिरा आम्ही दोघींनी रिक्षात खाल्ला.

माझं डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, काही नव्हतं. सदुसष्ट वर्षांची आहे आणि अजून मिरचीचं पोतं एकटी सरकवते. म्हणून मला राग आला. दुखणं असेल तर ते दुखायला पाहिजे, एवढं मला चौथीच्या शिक्षणावर कळत होतं. ते चूक आहे हे नंतर कळलं. कसं कळलं तेच सांगायला बसले आहे. तुमच्यापैकी कुणाला नुकतंच बीपी निघालं असेल आणि शेजारीपाजारी झाडपाला सुचवत असतील, तर त्यांच्यासाठी हे लिहिते. शहाणपण शिकवत नाही. मी काय काय केलं तेवढं सांगते.

डोळा कशाला पाहिजे होता

उस्मानपुऱ्यात मागच्या गल्लीत माझं मिरची कांडपाचं यंत्र आहे. तीस वर्षं झाली. नवरा गेल्यावर सुरू केलं, आधीच केलं असतं तर बरं झालं असतं. बाया मिरची, हळद, धने घेऊन येतात आणि कांडून नेतात. येसर मात्र मी स्वतः भाजून करून देते. येसर म्हणजे आमच्याकडचा आमटीचा मसाला. गहू, डाळ, धने, खोबरं असं सगळं वेगवेगळं भाजून त्याची पूड करतात. त्या भाजणीत हाताचं काम थोडं, डोळ्याचं जास्त. बदामी रंग आला की उतरवायचं, एवढंच त्यातलं गुपित. वासही असतो म्हणा, पण तीस वर्षं मिरची हुंगलेल्या नाकावर माझा भरवसा नाही.

उजव्या डोळ्यानं मला कढईच्या जागी कढईएवढं धुकं दिसायचं. डावा अर्धा. होळी आली की आमचा हंगाम. होळीच्या आत एक तरी डोळा झाला नाही तर यंदाची भाजणी दुसरीकडं जाणार, आणि एकदा बाईनं कांडप बदललं की ती परत येत नाही. माझा मुलगा संतोष म्हणायचा, आई, आता बंद कर, आराम कर. वाळूजला कंपनीत शिफ्ट करून येणारा माणूस आरामाबद्दलच बोलणार. मला आराम नको होता. डोळा पाहिजे होता.

गल्लीतले वैद्य

बीपीची डॉक्टरीण तरुण निघाली, रेखापेक्षाही लहान. तिनं एक गोळी दिली. रोज सकाळी, आणि आयुष्यभर. मीठ कमी करा म्हणाली. मी मान हलवली. मनात म्हटलं, बघू. आयुष्यभर म्हणजे सवयच की. गोळीची सवय लावून घेण्यापेक्षा घरचं काहीतरी करून मोकळं व्हावं, असं मला वाटत होतं. हे असं वाटणारी मी एकटी नाही, हे मला नंतर वॉर्डात कळलं.

गल्लीत बातमी पसरायला कांडपासारखी जागा नाही. दोन दिवसांत प्रत्येकीनं आपापलं औषध सांगितलं. लसणाच्या दोन पाकळ्या उपाशीपोटी, असं एकीनं सांगितलं. मी पाच खाल्ल्या. माझा स्वभावच तसा आहे, दोननं होत असेल तर पाचनं लवकर होईल. गिऱ्हाईक बाया पदर नाकाला लावून दोन पावलं मागं उभ्या राहायला लागल्या. समोरच्या घरात शमीम राहते. पंचवीस वर्षांची शेजारीण आहे, तिचा नवरा शिवणकाम करतो, आणि तोंडानं ती माझ्याहून बरी नाही. ती म्हणाली, "अक्का, तू बात नक्को कर. खाली हात हिला." म्हणजे बोलूच नको, नुसता हात हलव.

मग दुधीचा रस. एके दिवशी तो कडू लागला. औषध कडूच असतं म्हणून मी डोळे मिटून पिणार होते, तर शमीमनं चव घेतली, थुंकली आणि पेला मोरीत ओतला. तिच्या मावसभावाला कडू दुधीच्या रसानं रक्ताच्या उलट्या झाल्या होत्या. मला वाटलं ही वाढवून सांगते. पुढं डॉक्टरणीनंही तेच सांगितलं, की कडू लागला तर घोटभरही पिऊ नका.

अंबाडीच्या बोंडांचा लाल काढा मला आवडला. शेवग्याचा पाला आवडला नाही पण खाल्ला. जवसाची चटणी तर आम्ही पूर्वीपासून खातो, फक्त आता औषध म्हणून दुप्पट खाल्ली, आणि तिच्यातलं मीठही दुप्पट खाल्लं. पंधरा दिवसांत मी शेळीसारखी झाले. दिसेल तो पाला तोंडात.

आणि गोळी? गोळी मी डोकं जड झालं की घ्यायची. डोकं जड होतच नव्हतं.

संक्रांतीनंतर परत डोळ्याच्या दवाखान्यात गेलो. परत झगा, परत टोपी, परत पट्टा. एकशे बहात्तर. परत साडी.

त्या दिवशी रेखानं घरी येऊन माझी ट्रंक उघडली. दोन महिन्यांच्या गोळ्यांतल्या दोन-चार सोडून सगळ्या तशाच निघाल्या. ती एका शाळेत कारकून आहे, कागद बघून माणूस ओळखते. दुसऱ्या दिवसापासून शाळेत जायच्या आधी ती गोळी वाटीत घालून पाण्याचा तांब्या घेऊन माझ्यासमोर उभी राहायला लागली. गिळून तोंड उघडून दाखवायचं, मग ती चप्पल घालणार. पुढची तारीख होळीच्या आठ दिवस आधीची मिळाली होती. तिसरी आणि हंगामाच्या आतली शेवटची.

माल खरा होता

त्यानंतर दहाएक दिवसांनी पाचोडला भाचीच्या मुलाचं बारसं होतं. त्या दिवशी तिथला आठवड्याचा बाजार. रेखा बांगड्या बघत होती आणि मी पुढं गेले, तर एक म्हातारा जमिनीवर कापड पसरून मुळ्या मांडून बसलेला. मी विचारलं, रक्तदाबावर काय आहे? त्यानं सर्पगंधा दाखवली. म्हणाला, पूर्वी बीपीच्या गोळ्या ह्याच मुळीपासून निघायच्या.

मला मालात कुणी फसवू शकत नाही. मी मुळी मोडून बघितली, हुंगली, जिभेला लावली. कडूजहर, कोरडी, नवी. त्यानं सांगितलं, पूड करा, संध्याकाळी दुधातून चिमूटभर, जास्त नाही. मग त्यानं विचारलं, "बाई, डाक्टरची गोळी चालू हाय का?"

मी नाही म्हटलं.

"चालू असंल तर नगं," तो म्हणाला. त्यानं त्याचं काम बरोबर केलं. खोटं मी बोलले, तेही हळू आवाजात, बांगड्यांच्या दुकानाकडं बघत. म्हणून त्याला कुणी दोष देऊ नये.

घरी येऊन खलबत्त्यात कुटली, वस्त्रगाळ केली, एका डबीत भरली आणि डबी कमरेच्या पिशवीत. सकाळी रेखाची गोळी, संध्याकाळी माझी मुळी. पाचव्या दिवशी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात बीपी मोजलं तर एकशे चाळीस. मला आकाश ठेंगणं झालं. मग मी मसाल्यात जे करते तेच केलं. चव जमत आली की शेवटचा हात जरा सढळ.

भांडण बंद

पहिलं नाक चोंदलं. मला वाटलं मिरचीमुळं असेल. मग झोप. दुपारी कांडपाच्या आवाजात मी बसल्या बसल्या पेंगायचे, जे तीस वर्षांत झालं नव्हतं. आणि मग तिसरी गोष्ट आली, तिला काय नाव द्यावं ते मला माहीत नाही. कशाचंच काही वाटेना. एका बाईनं ओली मिरची आणली. ओली मिरची यंत्रात घातली तर खाली चिकटून बसते, एरवी मी तिला दारातून परत पाठवली असती आणि चार घरांना ऐकू गेलं असतं. त्या दिवशी मी गप्प घेतली आणि गप्प कांडली.

रेखानं विचारलं, आई, बरं नाही का? तुम्ही भांडत नाही. शमीम येऊन माझ्यासमोर उकिडवी बसली आणि माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, "तीन दिन से तू मेरे को एक गाली नहीं दी. मेरे को डर लग रा."

मी म्हटलं, राहू दे गं, होईल तसं होईल. डोळा झाला काय, नाही झाला काय. मी हे बोलले हे मला अजून खरं वाटत नाही. ज्या डोळ्यासाठी हे सगळं चाललं होतं त्याचंच मला काही वाटेना झालं होतं. पुढं मी पडले त्याची मला भीती वाटली नाही, दवाखान्याची वाटली नाही. त्या आठ दिवसांत मी जशी झाले होते त्याची मात्र आता हे लिहिताना भीती वाटते. तुमच्या घरात कुणी बडबडं माणूस औषध सुरू केल्यावर अचानक शहाणं झालं, तर आनंद मानू नका. विचारा.

नवव्या दिवशी सकाळी मी मिरचीची देठं काढत बसले होते. उठले आणि जमीन बाजूला सरकली. पडले ती मिरचीच्या ढिगावर, म्हणून डोकं वाचलं. शमीम आणि तिचा नवरा मला रिक्षात घालून घेऊन गेले. माझ्या साडीभर मिरची. रिक्षावाला दवाखान्यापर्यंत शिंकत होता आणि मला शुद्ध आली ती त्याच्या शिंकांनी.

वॉर्ड

वरचा आकडा चौऱ्याऐंशी. एकशे नव्वदवाली मी. नाडीही हळू चालली होती. सलाईन लावलं, छातीला वायरी चिकटवल्या, रक्त घेतलं. तीच बीपीची डॉक्टरीण आली आणि तिनं रेखाला विचारलं, गोळ्या कोण देतं? रेखा म्हणाली, मी देते. एकच? एकच. डॉक्टरीण म्हणाली, एका गोळीनं एवढं खाली येत नाही.

संध्याकाळी संतोष कंपनीतून थेट आला. वॉर्डात आठ खाटा, आठही बाया जाग्या. त्यानं सगळ्यांच्या देखत रेखाला विचारलं, "आईनं एक आधीच घेतली असेल, वरून तू दुसरी दिलीस. तुझं लक्ष कुठं असतं?"

रेखानं मान खाली घातली नाही. ती म्हणाली, मी मोजून देते. तो म्हणाला, मोजून दिल्या असत्या तर आई इथं नसती.

आणि मी गप्प बसले. डबी माझ्या कमरेच्या पिशवीत, पिशवी माझ्या उशाखाली. मला बोलता येत नव्हतं असं नाही, तोवर चहासुद्धा मागून झाला होता. पण मी हिशोब केला, की हे सांगितलं तर लिहून ठेवतील, ही बाई ऐकत नाही, लपवून खाते, हिच्या डोळ्याला हात लावायला नको. माझा डोळा वाचवायला मी सुनेला बोलणी खाऊ दिली. हे मी गोड करून लिहिणार नाही.

वॉर्डाचं चक्र असं असतं. पहाटे पाचला दिवे लागतात आणि पट्टा येतो. सातला चहा, गोड आणि गरम, वॉर्डातली मावशी तो देताना प्रत्येकीचं पांघरूण नीट करायची, न सांगता. दहाला डॉक्टर. बाराला खिचडी, तिच्यात मीठ नाही. शेजारच्या खाटेवर फुलंब्रीच्या कौसाबाई होत्या, पाय सुजलेले, त्यांनी तेलाच्या डब्यात लिंबाचं लोणचं लपवून आणलं होतं. त्यांनी मला विचारलं, "एक फोड घेती का? मेलो तर संगं जाऊ." मी नको म्हटलं. मला लोणच्याचीही वासना नव्हती, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या संध्याकाळच्या फेरीला रेखा घरून गोळ्यांची सगळी पाकिटं आणि बिलं घेऊन आली. माझ्या पायाशी, खाटेवर मांडली. किती आणल्या, कुठल्या तारखेपासून दिल्या, किती उरल्या. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. तिनं सुट्टी टाकली होती, डोळे तारवटलेले होते. संतोष म्हणाला, दुसरं एखादं पाकीट असेल. रेखा पाकिटं परत मोजायला लागली.

ते मात्र मला बघवेना. मी डॉक्टरणीला म्हटलं, "तिच्या गोळ्या बरोबर आहेत. माझ्या उशाखाली बघा."

चिमूट

डॉक्टरीण रागावली नाही. तिनं डबी उघडली, वास घेतला, मला विचारलं, किती घेता? मी म्हटलं, चिमूटभर. ती म्हणाली, दाखवा. तिनं दोन कागद घेतले. एकावर तिनं स्वतः दोन बोटांनी चिमूट काढून ठेवली. दुसऱ्यावर मी ठेवली. मसाल्याच्या बाईची चिमूट तीन बोटं आणि अंगठा मिळून होते, त्यात बोटांच्या मागं तळहातातही थोडं येतं. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर माझ्या ढिगात तिचे चार बसले असते.

कौसाबाई वाकून म्हणाल्या, "ही चिमूट नाय, ही तर मूठ हाय."

मी डॉक्टरणीला विचारलं, मुळी खोटी होती का? ती म्हणाली, "आजी, खोटी असती तर तुम्ही आज घरी असता."

मग तिनं खाटेवर बसून समजावलं. म्हणाली, झाडात औषध नसतं असं मी म्हणत नाही, ह्या मुळीतूनच पूर्वी गोळी काढली होती. पण गोळीत ते मोजून घातलेलं असतं. मुळीत किती आहे ते मुळीलाच माहीत. जमीन, पाऊस, झाडाचं वय, प्रत्येक वेळी वेगळं. आणि रोजची गोळी वरून. नाक चोंदणं, झोप, मन पडणं, नाडी हळू होणं, सगळं त्या मुळीचं.

हे मला लगेच पटलं, कारण ते माझ्याच धंद्यातलं होतं. एकाच शेतातल्या मिरचीची दोन पोती सारखी तिखट निघत नाहीत. म्हणून तर मी प्रत्येक पोतं चाखते आणि मग ठरवते किती घालायची. मिरची चाखून कळते. मुळी चाखून फक्त कडू कळतं.

काडी

मी समजले आता सुटका. तर ती हातात रक्ताचा रिपोर्ट घेऊन म्हणाली, ह्यात आणखी एक गोष्ट मला कळत नाही. पोटॅशियम कमी आलंय, आणि ते ना माझ्या गोळीनं होतं ना ह्या मुळीनं. आणखी काय घेता?

मी म्हटलं, आता खरं तेच सांगते, लसूण, अंबाडी, शेवगा, जवस. ती म्हणाली, हे जेवणात ठीक आहे. आणखी? काही नाही. खोकल्याला, पोटाला, काही? मी म्हटलं, औषध असं काही नाही. कांडपावर घसा धरतो म्हणून गालात ज्येष्ठमधाची काडी असते.

"कधीपासून?"

"तीस वर्षं."

"दिवसाला किती?"

"दोन. हंगामात चार."

"इथं आल्यापासून नाही ना घेतली?"

मी जिभेनं काडी डाव्या गालातून उजव्या गालात नेली. ते सगळ्यांना दिसलं.

"काढा बघू," ती म्हणाली. मी काढली आणि मुळीच्या शेजारी कागदावर ठेवली. ती त्या काडीकडं बघून हसायला लागली. डॉक्टर माणूस एवढं हसलेलं मी पाहिलं नव्हतं. म्हणाली, रोज एवढं ज्येष्ठमध पोटात गेलं तर शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम सोडून देतं, आणि बीपी चढतं. सगळं त्याच्यामुळंच असं मी म्हणणार नाही, वय आहे, मीठ आहे. पण मोठा वाटा ह्या काडीचा असू शकतो.

म्हणजे एक झाड मला वर चढवत होतं, ते मी औषध म्हणून मोजलंच नाही. मग दुसरं झाड आणलं, त्यानं खाली ओढलं. मधल्या मध्ये मी, आणि सकाळी तांब्या घेऊन उभी राहणारी रेखा.

आधी रेखा हसली, मग कौसाबाई, मग सगळा वॉर्ड. संतोष हसला नाही. तो उठून बाहेर गेला आणि दोन कप चहा घेऊन आला, एक रेखाच्या हातात दिला. आमच्या घरातले पुरुष माफी अशी मागतात. मला चहा आणून चाललं नसतं, म्हणून मी रेखाला तोंडानं सांगितलं, की काल मी गप्प बसले ते वाईट केलं.

"दीड दिवस, आई," ती म्हणाली.

"हो. दीड दिवस."

मग तिनं चहा प्यायला.

घरी

तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. डॉक्टरीण म्हणाली, डोळ्याच्या डॉक्टरांना मी चिठ्ठी देते, खरं सांगितलंत म्हणून देते. मला ज्याची भीती होती त्याच्या उलट झालं. मुळी बंद, काडी बंद, गोळी चालू, मीठ खरोखर कमी, आणि पोटॅशियमसाठी थोडे दिवस एक औषध. लसूण भाजीतून पाच पाकळ्या खा म्हणाली, उपाशीपोटी नको, गल्लीवर दया करा.

काडी सोडणं गोळी घेण्यापेक्षा अवघड गेलं. गाल रिकामा वाटायचा. रेखानं दोन लवंगा दिल्या आणि तोंडाला फडकं बांधायला लावलं. तीस वर्षं फडकं का बांधलं नाही, तर बांधलं की बोलता येत नाही. आता बांधते आणि खोकला निम्म्यावर आलाय. भांडायच्या वेळी खाली करते.

भांडण यायला दोन आठवडे लागले. ज्या दिवशी मी शमीमच्या नवऱ्याला माझ्या दारात चिंध्या झाडल्याबद्दल बोलले, त्या दिवशी शमीम खुश होऊन त्यालाच म्हणाली, सुना? अच्छी हो गई.

एवढंच सांगते, की तोंडात जे जे जातं ते डॉक्टरला सांगा. काढा, पूड, रस, गालातली काडी, सगळं. औषध कुठलं आणि खाणं कुठलं हे तुम्ही ठरवू नका, त्यांना ठरवू द्या. शक्य असेल तर डबीच घेऊन जा. आणि चिमूट म्हणाल तर ती करून दाखवा.

पट्टी

होळीच्या आठ दिवस आधी तिसऱ्यांदा झगा घातला. सिस्टर तीच होती. पट्टा बांधताना ती माझ्याकडं बघेना आणि मी तिच्याकडं. एकशे छत्तीस, ब्याऐंशी. मी म्हटलं, दुसऱ्या हाताला लावून बघा. ती म्हणाली, आजी, गप आत चला.

आत काही कळलं नाही. उजेड हलताना दिसला, पाणी पडल्यासारखं वाटलं, आणि झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तर समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे काळे कुळकुळीत. रेखा दाराशी उभी, तिच्या साडीला जांभळे काठ आहेत हे मला माहीत नव्हतं, मी ते निळे समजत होते.

काळा चष्मा लावून घरी आले. डॉक्टरांनी महिनाभर धूर, धूळ आणि वाकणं बंद सांगितलं होतं. म्हणून कढईपाशी रेखाला बसवलं आणि मी दोन हात लांब खुर्चीवर. तिनं गहू भाजायला घेतले. मी चष्मा जरा वर करून बघत होते. बदामी झाले, म्हटलं उतरव. ती म्हणाली, आई, इतक्यात? तुम्ही तर यापेक्षा पुष्कळ भाजता. मी म्हटलं, नमुना आण. मागच्या वर्षीचा येसर मी बरणीत नमुना म्हणून ठेवलेला असतो. तिनं आणला. मी झाकण उघडलं. आत कोळशाची पूड म्हणावी असा काळा येसर.

मी त्याच्या आधीच्या वर्षीची बरणी मागवली. तीही तशीच.

तेवढ्यात शमीम बघायला आली, माझा डोळा कसा दिसतो ते. मी दोन्ही बरण्या तिच्यापुढं धरल्या आणि विचारलं, हे तुम्ही खात होता? तिच्या घरीही माझाच येसर जातो.

"दो साल से जला हुआ खा रहे, अक्का," ती म्हणाली. "सारी गल्ली खा रही. तेरे को कौन बोलता?"

मी रेखाकडं बघितलं. ती कढईतले गहू परातीत उतरवत होती आणि मान वर करत नव्हती.

मी त्याच दिवशी सगळ्या गिऱ्हाईक बायांना निरोप पाठवला. यंदाचा येसर बदामी निघेल. कच्चा नाही, तो तसाच असतो. आणि पुढच्या वेळी जळला तर तोंडावर सांगा, मला आता बीपी नाही.

रेखानं तो निरोप फोनवर पाठवायच्या आधी शेवटचं वाक्य बदललं. बीपी आहे, पण आवरलेलं आहे, असं लिहिलं.